लंबकापासून कक्षेपर्यंत : घरच्या घरी अभिजात भौतिकी शिकतानाच्या नोंदी

आधी थोडी पार्श्वभूमी. गणिताशी माझा शेवटचा संबंध वीस वर्षांपूर्वी आला होता. रोजच्या कामात बेरीज-टक्केवारीपलीकडे काही लागत नाही. ठरवलं ते एवढंच : ग्रह लंबवर्तुळात का फिरतात, हे कोऱ्या कागदावर, पुस्तक मिटून, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मांडता आलं पाहिजे. रोज सकाळी एक तास, सुट्टीच्या दिवशी जमलं तर दोन. जे अडलं ते इथे लिहिलंय. जे सरळ गेलं त्याबद्दल फारसं काही नाही, कारण त्यातून कुणाचा वेळ वाचणार नाही.

६ जानेवारी

सुरुवात. उत्साहाच्या भरात चार पुस्तकं घेतली (त्यातल्या दोघांची पानं आजही एकमेकांना चिकटलेली आहेत). योजना अशी की आधी कॅल्क्युलस पुरतं करायचं आणि मगच भौतिकीला हात लावायचा. पाया पक्का असला पाहिजे वगैरे. ही योजना चुकीची होती, पण ते कळायला पाच आठवडे लागले.

११ फेब्रुवारी

हिशोब : ३८ तास. पोचले कुठे, तर सीमा आणि सातत्य या प्रकरणाच्या शेवटाला. अवकलनाचं (म्हणजे बदलाचा दर काढण्याचं) पहिलं पान अजून उघडलेलं नाही. सीमेची काटेकोर व्याख्या चार वेळा वाचली. वाचताना कळते, दुसऱ्या दिवशी गायब. ती कुठे वापरायची हेच माहीत नाही, तर राहील कशी? काम थांबवलं.

१६ फेब्रुवारी

पुस्तक नको म्हणून व्याख्यानांचे व्हिडिओ लावले. पाच दिवसांत अकरा व्याख्यानं, तीही दीडपट वेगाने. मान डोलत होती, सगळं कळत होतं. आज सहज कोरा कागद घेतला आणि तिरका फेकलेला चेंडू किती लांब पडेल हे काढायला बसले. जमलं नाही. वेगाचे दोन घटक केले, हवेतला वेळ काढला, आणि पुढे साइन गुणिले कोसाइन याचं काय करायचं ते आठवेना. दुप्पट कोनाचं सूत्र शाळेत पाठ होतं.

म्हणजे भौतिकी अडली नव्हतीच. अडलं होतं नववी-दहावीचं त्रिकोणमिती. आजपासून पद्धत बदलली : आधी एक खरी वस्तू घ्यायची, तिच्यावर मोजमाप करायचं, आणि ते समजायला जेवढं गणित लागेल तेवढंच त्या आठवड्यात शिकायचं. शिवाय एक वेगळी वही घातली, चुकांची. तीन रकाने : चिन्ह आणि बीजगणित, एकक, समज.

२ मार्च

वस्तू ठरली : लंबक. दोरी, रबरी चेंडू, मोबाइलमधलं स्टॉपवॉच. दोरीची लांबी ९५.२ सेंटिमीटर. चेंडू साधारण २० अंशांपर्यंत ओढून सोडला आणि २० आंदोलनं मोजली. वेळ आली ३७.८१ सेकंद, म्हणजे एका आंदोलनाला १.८९. गुरुत्व त्वरण म्हणजे ४ × पायचा वर्ग × लांबी, भागिले आवर्तकालाचा (एका आंदोलनाला लागणाऱ्या वेळेचा) वर्ग. उत्तर १०.५२.

पुस्तकात ९.८. म्हणजे मी सात टक्क्यांनी चुकले. पुन्हा मोजलं, पुन्हा १०.५ च्या आसपासच. दोरी बदलली, तरी तेच. चूक इतक्या इमानदारीने परत परत येते आहे, म्हणजे ती हाताच्या थरथरीची नाही, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. एक संध्याकाळ गेली.

३ मार्च

बहिणीचा मुलगा आला होता. मी मोजताना तो बघत होता. चेंडू सोडला, परत आला, स्टॉपवॉच सुरू करत मी म्हटलं, "एक." तो म्हणाला, "मावशी, आत्ता तर एकही झालं नाही. शून्य म्हण."

खरंच की. पहिल्या टोकाला "एक" म्हटलं की "वीस" म्हणेपर्यंत आंदोलनं १९ च होतात. कुंपणाचे खांब आणि त्यांच्यामधली अंतरं, अगदी तेच. पाच टक्के वेळ खाल्ला गेला, आणि वेळेचा वर्ग भागाकारात असल्यामुळे उत्तर दहा टक्क्यांहून जास्त फुगलं.

शून्यापासून मोजलं : ३९.८० सेकंद, त्वरण ९.४९. आता चूक उलट्या दिशेला! म्हणजे आत आणखी एक चूक दडली होती आणि कालपर्यंत पहिली चूक तिला झाकत होती.

८ मार्च

ती दुसरी चूक : लांबी. मी दोरीची लांबी गाठीपर्यंत मोजली होती. ती चेंडूच्या मध्यापर्यंत हवी. चेंडूचा व्यास ३.८ सेंटिमीटर, म्हणजे लांबी १.९ ने वाढून ९७.१ झाली. त्वरण ९.६८.

अजूनही कमी. मग कोनाकडे पाहिलं. सूत्र लहान कोनापुरतंच चालतं, आणि २० अंश "लहान" नाहीत. ५ अंशांवर आणलं, २० ऐवजी ५० आंदोलनं घेतली, आणि स्टॉपवॉच टोकाला दाबण्याऐवजी चेंडू तळातून जाताना दाबलं. टोकाला चेंडू रेंगाळतो, त्यामुळे नेमका क्षण पकडता येत नाही. तळात तो सर्वांत वेगात असतो, तिथे खूण करून ठेवली की बोट अचूक पडतं. हे वाचताना उलटं वाटतं, करून बघा.

५० आंदोलनं : ९८.९९ सेकंद. आवर्तकाल १.९७९८. त्वरण ९.७८.

चूक किती असू शकेल याचाही अंदाज घेतला. माझं बोट एक दशांश सेकंद इकडे-तिकडे, ९९ सेकंदांत म्हणजे ०.१ टक्का, वर्ग असल्यामुळे ०.२ टक्के, म्हणजे साधारण ०.०२. मोजपट्टीच्या एका मिलिमीटरने ०.०१. तेव्हा ९.७८ अधिक-उणे ०.०२ असं लिहिलं. ही "अधिक-उणे"ची शेपटी लावल्याशिवाय उत्तर लिहायचं नाही, हा नियम तेव्हापासून पाळते आहे.

१४ मार्च

पुस्तकातलं ९.८१ माझ्या शेपटीत बसत नाही म्हणून चार दिवस चूक शोधत होते. चूक नव्हती. समुद्रसपाटीला विषुववृत्तावर हे त्वरण ९.७८० आहे आणि ध्रुवावर ९.८३२. ९.८१ हा मधल्या अक्षांशांचा आकडा, पुस्तक लिहिणाऱ्यांच्या सोयीचा. हे सर्वांत आधी लंबकानेच दाखवलं. १६७२ मध्ये फ्रेंच खगोलज्ञ झाँ रिशे पॅरिसहून विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला, तर तिथे सेकंदाचा लंबक (एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला बरोबर एक सेकंद घेणारा) पॅरिसपेक्षा सुमारे २.८ मिलिमीटर आखूड करावा लागला. एक मीटरमध्ये तीन मिलिमीटरही नाहीत! त्याने हे टिपलं, आणि मी बारा दिवसांपूर्वी अख्खा चेंडू मोजायचा विसरले होते.

३० मार्च

२० अंशांना नेमकं किती बिघडतं, हा प्रश्न मला सोडत नव्हता. लंबकाच्या समीकरणात साइनच्या जागी थेट कोन घालतात, "कोन लहान असेल तर". २० अंश म्हणजे ०.३४९ रेडियन (कोन मोजायचं गणितातलं एकक), त्याचा साइन ०.३४२. फरक २ टक्के. बल २ टक्के कमी, तर आवर्तकाल वर्गमुळामुळे १ टक्क्याने वाढायला हवा. प्रत्यक्षात सूत्र सांगतं ०.७७ टक्के. हा पाव टक्का कुठे गेला?

दोन दिवसांनी उजेड पडला : चेंडू सतत २० अंशांवर थोडाच असतो? बहुतेक वेळ तो त्याहून आत असतो आणि तिथे फरक कमी असतो. टोकाचा आकडा सगळ्या प्रवासाला लावणं हीच चूक. वहीत "समज" रकान्यात नोंद.

मग मोठा कोन घेतला, ६० अंश. इथे जे इंटिग्रल येतं ते नेहमीच्या फंक्शनांत सुटतच नाही. मी ते सोडवायचा प्रयत्न करत सहा तास घालवले. कुणीही घालवू नयेत. त्याऐवजी गाउसची युक्ती वापरा, साध्या कॅल्क्युलेटरवर होते. दोन संख्या घ्यायच्या : १ आणि निम्म्या कोनाचा कोसाइन. त्यांची सरासरी एक, गुणाकाराचं वर्गमूळ दुसरं. या दोघांवर पुन्हा तेच. दोन-तीन फेऱ्यांत दोन्ही एकाच संख्येवर येतात. लहान कोनाच्या आवर्तकालाला तिने भागलं की झालं.

६० अंशांसाठी : १ आणि ०.८६६०२५. पहिली फेरी ०.९३३०१३ आणि ०.९३०६०५. दुसऱ्या फेरीत दोन्ही ०.९३१८१. म्हणजे आवर्तकाल ७.३ टक्क्यांनी जास्त, माझ्या लंबकासाठी २.१२५ सेकंद. प्रत्यक्ष मोजलं तर पाच आंदोलनांना १०.५५, म्हणजे २.११. पुन्हा फरक! मोबाइलवर चित्रीकरण करून पाहिलं : पाच आंदोलनांत कोन ६० वरून ५४ वर घसरतो. हलका चेंडू, हवा खाते. मधला ५७ घेऊन गणित केलं, २.११० आलं. त्या दिवशी उगाचच घरभर फिरून आले.

१२ एप्रिल

आता लंबक स्प्रेडशीटमध्ये. एका ओळीत वेळ, कोन, कोनीय वेग. पुढच्या ओळीत : नवा कोन = जुना कोन + वेग × ०.०१ सेकंद, नवा वेग = जुना वेग + त्वरण × ०.०१. ऑयलरची पद्धत, याहून सोपं काही नाही.

पहिल्या दिवशी आलेख वेड्यासारखा उड्या मारत होता. स्प्रेडशीटला साइन ३० विचारलं तर ते −०.९८८ सांगतं, कारण त्याला ३० रेडियन वाटतात. एकक रकाना. अर्धा तास.

दुरुस्त केल्यावर सुंदर लाट आली. खूश होऊन खाली सरकत गेले तर लाट मोठी होत चालली होती. ५ अंशांवर सोडलेला लंबक दहा सेकंदांत ८ अंशांच्या वर जातो. घर्षण मी घातलंच नव्हतं, पण ऊर्जा वाढावी कशी?

२१ एप्रिल

नऊ दिवस. कुठेतरी चिन्ह उलटं असेल या खात्रीने सगळी सूत्रं तीनदा तपासली. मग पायरी दहापट बारीक केली, ०.००१ सेकंद. दहा हजार ओळी, संगणक धापा टाकतो, आणि तरीही ५ चे सव्वापाच अंश होतातच.

शेवटी स्प्रेडशीट बंद करून कागद घेतला. सगळं सोपं केलं : स्थान क्ष, वेग व, पायरी ह, त्वरण म्हणजे उणे क्ष. नवा क्ष = क्ष + ह × व. नवा व = व − ह × क्ष. दोघांचे वर्ग करून बेरीज करा. मधली पदं एकमेकांना खातात आणि उरतं : (१ + ह वर्ग) × जुनी बेरीज. म्हणजे ऊर्जा प्रत्येक पायरीला वाढणारच, पायरी कितीही बारीक घ्या. माझ्या सूत्रात चूक नव्हती, पद्धतीतच होती. चित्रात पाहिलं तर लख्ख दिसतं : गोलावर चालायचं असताना दर पावलाला स्पर्शरेषेवरून सरळ चाललात तर गोलाबाहेरच पडाल.

इलाज एका सेलचा. आधी वेग नवा करा, आणि स्थान बदलताना जुना नाही तर हा नवा वेग वापरा. बस. लाट एकदम ताळ्यावर. ऊर्जा थोडी वरखाली होते, पण वाढत जात नाही. हे कागदावर पाऊण तासात झालं. नऊ दिवस मी पडद्याकडे बघत होते.

मे

कामाचा रेटा, जवळजवळ पूर्ण महिना खाडा. परत बसले तेव्हा मार्चमधली लंबकाची मांडणी पुन्हा करता आली नाही, चौथ्या ओळीला अडले. तेव्हापासून दर रविवारी जुनी एक मांडणी कोऱ्या कागदावर. कंटाळवाणं आहे.

मोकळ्या वेळात चुकांची वही मोजली. आजवर ७३. चिन्ह आणि बीजगणित ४१, एकक १४, समज १८. लोक "मला फिजिक्स झेपत नाही" म्हणतात तेव्हा त्यातलं किती उणे-अधिकचं असतं, देव जाणे. यावर उपाय म्हणून एका ओळीत एकच बदल करायचा, दोन पायऱ्या मनात उडवायच्या नाहीत, आणि दर उत्तराची एककं तपासायची. कागद तिप्पट लागतो.

८ जून

लॅग्रांज या गणितज्ञाची पद्धत. त्याच्या १७८८ च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत तो अभिमानाने सांगतो की यात एकही आकृती सापडणार नाही. मला आकृतीशिवाय सुचत नाही, तरी म्हटलं बघू.

गतिज ऊर्जा वजा स्थितिज ऊर्जा, एवढी एकच राशी लिहायची आणि तिचं अवकलन करायचं : एकदा कोनाच्या सापेक्ष, वेग स्थिर धरून, एकदा वेगाच्या सापेक्ष, कोन स्थिर धरून. इथे गाडी रुतली. वेग कोनापासूनच तर निघतो. कोन बदलला की वेग बदलणार. मग एकाला स्थिर धरून दुसरा हलवायचा कसा?

जिथे बघावं तिथे "ते स्वतंत्र चल समजा" असं लिहिलेलं. समजा म्हणजे काय समजा?

२४ जून

सोळा दिवसांनी सुटलं, आणि सुटलं ते ट्रकमुळे. समजा घाटरस्त्याचा तक्ता केला : रस्त्यावर कुठल्या ठिकाणी, किती वेगाने असताना, किती इंधन जळतं. तक्त्यात ठिकाण उभ्या बाजूला, वेग आडव्या बाजूला. तक्ता बनवताना कुठलाही ट्रक धावत नाहीये. म्हणून "ठिकाण तेच ठेवून वेग बदला" या म्हणण्याला पूर्ण अर्थ आहे. ट्रक धावला की त्याचा प्रवास तक्त्यातून एक वाट काढतो, आणि त्या वाटेवर मात्र वेग ठिकाणाशी बांधलेला असतो.

लॅग्रांजची राशी हा तक्ता आहे. ठिकाण किंवा वेग स्थिर धरून केलेलं अवकलन तक्त्यावर होतं, काळाच्या सापेक्ष होतं ते वाटेवर. दोन वेगळी कामं एकाच ओळीत लिहितात, म्हणून गोंधळ. यानंतर लंबकाचं समीकरण चार ओळींत आलं, दोरीतल्या ताणाचं नावही न घेता.

१२ जुलै

परीक्षा म्हणून नवा प्रश्न घेतला : लंबक हलत असताना दोरी वरून हळूहळू ओढून आखूड केली तर? आधी जुन्या पद्धतीने, बलं मांडून. लांबी × कोनीय त्वरण = उणे गुरुत्व × साइन, फक्त लांबी आता बदलती. स्प्रेडशीटचं भाकीत : ९७ सेंटिमीटरवरून ५० वर आणताना १० अंशांचा कोन साडेआठवर येईल.

वरच्या कडीतून दोरी ओवून प्रत्यक्ष केलं. कोन वाढला. चांगला १४ अंशांवर गेला. मी भाकीत केलं त्याच्या उलट दिशेला!

लॅग्रांजच्या पद्धतीने केलं तर एक जास्तीचं पद आपोआप बाहेर पडलं : दोन × लांबी बदलण्याचा वेग × कोनीय वेग. त्याच्यासह भाकीत १६.४ अंश. हवेचं घर्षण धरता १४ पटण्यासारखं.

हे पद बलांच्या मांडणीत माझ्याकडून कसं सुटलं? मी "दोरीच्या दिशेने" आणि "दोरीला आडवी" अशा दोन दिशा धरल्या आणि विसरले की दोरी फिरते आहे, म्हणजे दिशाही फिरताहेत. वेगाचं अवकलन करताना दिशांचंही अवकलन हवं. कोनीय संवेगाने पडताळलं : लांबीचा वर्ग × कोनीय वेग याचं काळाच्या सापेक्ष अवकलन करा, तेच पद समोर येतं. आजवरची सर्वांत मोलाची चूक, तीन दिवस लागले आणि एकाचाही खेद नाही. वहीत लाल शाईने.

९ ऑगस्ट

ग्रह. अंतर पृथ्वी-सूर्य सरासरी अंतराच्या एककात, काळ वर्षात. मीटर-किलोग्रॅममध्ये गेले असते तर प्रत्येक सेलमध्ये शून्यांची रांग आणि एकक रकान्यात आणखी पाच-सहा नोंदी. या एककांत गुरुत्वस्थिरांक × सूर्याचं वस्तुमान = ४ × पायचा वर्ग = ३९.४७८. हा आकडा कुठेतरी पाहिलाय असं वाटत राहिलं. लंबकाच्या हिशोबात दर वेळी हाच टाइप करत होते.

सूर्यापासून १ अंतरावर, आडव्या दिशेने वेग ४ देऊन ग्रह सोडला (वर्तुळासाठी ६.२८ लागतो). पायरी ०.००५ वर्ष, वेग आधी-स्थान नंतर ही एप्रिलची युक्ती. हजार ओळींत दहा फेऱ्या. लांबट, बंद होत आलेलं लंबवर्तुळ. "होत आलेलं", कारण नीट पाहिलं तर दर फेरीला ते किंचित वळत होतं. दहा फेऱ्यांत जवळजवळ १५ अंश.

१६ ऑगस्ट

खरं सांगायचं तर एक रात्र मी हवेत होते. बुधाची कक्षा अशीच वळते, आणि तिच्या वळण्यातले शतकाला ४३ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) न्यूटनच्या नियमाने न सुटता १९१५ मध्ये आइनस्टाइनने सोडवले, हे वाचलेलं होतं. पण माझ्या स्प्रेडशीटमध्ये न्यूटनच्या नियमाशिवाय काहीही नव्हतं, तेव्हा ते तिथे उगवणार कुठून?

पायरी निम्मी केली : १५ चे साडेतीन अंश. आणखी निम्मी : एक अंशाच्या आत. पायरी निम्मी की वळण चौथाई. म्हणजे ग्रह वळत नव्हता, माझी पायरी वळत होती. निसर्गातलं काही दिसलं असं वाटलं तर आधी पायरी निम्मी करून बघायची. आकडा हलला तर तो निसर्गाचा नाही.

३० ऑगस्ट

केप्लरचा दुसरा नियम तपासला : सूर्य-ग्रह रेषा समान वेळात समान क्षेत्रफळ पार करते. दर पायरीच्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढणारा रकाना जोडला. अंदाजे सारखे आकडे येतील अशी अपेक्षा. आले तंतोतंत सारखे, दशांशाच्या शेवटच्या घरापर्यंत, हजारही ओळींत. जाड पायरी घेतली तरी तेच. कक्षा वेडीवाकडी, क्षेत्रफळ मात्र पक्कं!

संशय आला की सूत्र कुठेतरी स्वतःचीच नक्कल करतंय. नव्हतं. कागदावर पाहिलं : वेगातला बदल सूर्याच्या दिशेने, म्हणजे त्रिकोणाचा शिरोबिंदू पायाला समांतर सरकतो. पाया तोच, उंची तीच, क्षेत्रफळ तेच. नंतर कळलं की न्यूटनच्या १६८७ च्या ग्रंथातलं, पहिल्या भागातलं पहिलं प्रमेय अगदी हेच आहे : ग्रह थोडा वेळ सरळ जातो, मग सूर्याकडे एक झटका, पुन्हा सरळ, पुन्हा झटका, आणि सगळे त्रिकोण समान. माझी स्प्रेडशीटची एकेक ओळ म्हणजे त्याचा एकेक झटका. नववीची भूमिती, एवढंच लागलं.

२० सप्टेंबर

लंबवर्तुळ, कागदावर. पहिला प्रयत्न : अंतर काळाचं फंक्शन म्हणून काढायचं. तीन पानांनंतर न सुटणारं इंटिग्रल. मार्चचा धडा आठवला, सहा तास न घालवता सोडून दिलं. दुसरा प्रयत्न : काळ हटवून अंतर कोनाचं फंक्शन धरायचं, आणि अंतराऐवजी त्याचा व्यस्त वापरायचा. चेन रूल दोनदा लावताना एक उणे गिळला, आणि उत्तर आलं की ग्रह अनंताला पळून जातो. तिसरा प्रयत्न, एका ओळीत एकच बदल या शिस्तीने, साडेपाच पानं.

सगळं आवरल्यावर उरलं : व्यस्त अंतराचं कोनाच्या सापेक्ष दुसरं अवकलन, अधिक ते व्यस्त अंतर, बरोबर एक स्थिर संख्या. हे समीकरण मी ओळखते. स्थिर संख्या बाजूला सारली तर लहान कोनाचा लंबकच आहे. उत्तर कोसाइन अधिक स्थिर संख्या, आणि त्याचा व्यस्त घेतला की शंकुच्छेद, म्हणजे लंबवर्तुळ ज्या घराण्यातलं ते वक्र. मार्चचं पान काढून शेजारी ठेवलं.

एकूण तास : २४१. त्यातले फुकट गेलेले, माझ्या हिशोबाने, नव्वदेक.

२७ सप्टेंबर

एक काम राहिलं होतं. कक्षेचा आकार मिळाला, पण अमुक दिवशी ग्रह नेमका कुठे? त्यासाठी केप्लरचं समीकरण : एक कोन = ठरावीक संख्या (त्या दिवसावरून ठरणारी) + विकेंद्रता (कक्षा किती लांबट याचं माप) × त्या कोनाचाच साइन. सरळ सुटत नाही. अंदाज घालायचा, उजवीकडून जे येईल तेच पुन्हा आत घालायचं, स्थिर होईपर्यंत. मंगळ घेतला, विकेंद्रता ०.०९३४, ठरावीक संख्या १. पहिल्याच फेरीत १.००१६३, दुसऱ्या फेरीतही १.००१६३. इतक्या लवकर स्थिरावलं म्हणून खूश झाले, उत्तराभोवती चौकट केली, आणि रात्री वही मिटताना कॅल्क्युलेटरच्या कोपऱ्यातलं "अंश" दिसलं.

रेडियनवर आणून पुन्हा : १.०७८६, १.०८२३, १.०८२५, १.०८२५. एकक रकान्यात एकतिसावी नोंद.